फायटरच्या टाकीत सोबत कोण चालेल? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात एकट्या फायटरची, म्हणजे बेट्टाची टाकी कशी लावायची ते लिहिलं होतं. त्यावर जे प्रश्न आले त्यातले बहुतेक फिरून फिरून एकाच ठिकाणी येतात, की आता याच्यासोबत अजून कोण ठेवता येईल. म्हणून यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, तेव्हा तुमचं पत्र जसंच्या तसं दिसलं नाही तरी उत्तर इथेच कुठेतरी सापडेल.

प्रश्न: नमस्कार ताई, माझी 60 लिटरची टाकी आहे, चालू करून बरेच महिने झाले, स्पंज फिल्टर आहे, हीटर आहे, पाणी 26 डिग्रीला असतं. सध्या त्यात 8 गप्पी आणि 6 निऑन टेट्रा आहेत. आता एक हाफमून (अर्धचंद्रासारखी मोठी शेपूट पसरणारा) नर फायटर टाकायचाय. दुकानदार म्हणाला एकच नर असेल तर बिनधास्त टाका, ऑनलाइन वाचलं तर अर्धे लोक म्हणतात काही होत नाही आणि अर्धे म्हणतात सगळ्यांना मारून टाकेल. नक्की कोणाचं ऐकू?

उत्तर: दोन्ही बाजूंचे लोक खोटं बोलत नाहीयेत, म्हणूनच हा वाद कधी मिटत नाही. फायटरचा स्वभाव माशागणिक वेगळा असतो. एक नर आख्ख्या टाकीत शांतपणे फिरत राहील, आणि त्याचाच सख्खा भाऊ गोगलगायीच्या मिशासुद्धा तोडून खाईल. त्यामुळे "फायटरसोबत अमुक मासा चालतो" हे वाक्य कोणी छातीठोकपणे सांगितलं तर त्यात एक शब्द राहिलाय असं समजा, बहुतेकदा. बहुतेकदा चालतो. तुमच्या माशाचं काय ते तुमचा मासाच सांगणार.

पण शक्यता कमी-जास्त करणं आपल्या हातात असतं, आणि तुमच्या टाकीत खरी अडचण फायटर नाहीये, गप्पी आहेत. नर गप्पीची ती रंगीत, पसरट, हलणारी शेपूट बघितली की फायटरला दुसरा नर आपल्या हद्दीत आल्यासारखं वाटतं. बेट्टा स्प्लेंडेन्स हा मूळचा थायलंडकडचा मासा, तिथल्या भातखाचरांत आणि दलदलीच्या उथळ पाण्यात राहणारा, आणि नर आपापली छोटी जागा राखून असतो. त्यातून माणसांनी शेकडो वर्षं झुंजींसाठी निवडून निवडून याची पैदास केली. तेव्हा दुसरा नर दिसला की कल्ल्यांची झाकणं फुगवून अंगावर जाणं हे त्याच्या रक्तातच आहे, त्यात त्याचा दुष्टपणा काही नाही. आता उलटी बाजू पण बघा, हाफमूनची शेपूट एवढी मोठी आणि जड असते की त्याला पटकन पळता येत नाही, आणि गप्पी चपळ असतात, येता-जाता ती शेपूट कुरतडतात. म्हणजे कधी गप्पी मरतात तर कधी फायटरच्याच चिंध्या होतात. शिवाय गप्पींना थोडं जड पाणी मानवतं, फायटरला मऊ आणि किंचित आम्लधर्मी. दोघंही जुळवून घेतात हे खरं, पण मुद्दाम कशाला.

मी तुमच्या जागी असते तर गप्पी दुसऱ्या टाकीत हलवल्या असत्या आणि निऑन 6 वरून 10 केले असते. टेट्रा थोडे असले की घाबरट होतात किंवा मग उगाच दुसऱ्यांचे पर कुरतडत बसतात, घोळका मोठा असला की त्यांचं आपापसातच चालू राहतं आणि फायटरकडे त्यांचं लक्ष जात नाही. निऑनला पाणी थोडं थंड आवडतं, फायटरला 24 ते 28, तुमचं 26 म्हणजे निऑनसाठी वरचं टोक झालं, 25 ला ठेवलंत तर दोघांनाही चालेल. निऑन अजून घेतलेच नसते तर मी हार्लेक्विन रासबोरा किंवा एम्बर टेट्रा सुचवले असते, हार्लेक्विन तर फायटरच्याच भागातून येतात, तापमानाचं भांडण नाही, शेपट्या छोट्या, स्वभाव गरीब.

आता टाकायचा कसा. फायटर सगळ्यात शेवटी टाकायचा, बाकीचे मासे आधी रुळलेले हवेत, म्हणजे आख्खी टाकी आपली आहे असं त्याला वाटायला वेळच मिळत नाही. दगड, लाकडं, झाडं थोडी इकडची तिकडे करा, जुन्या माशांच्याही जागा त्याने मोडतात. दिवे बंद करून, पाण्याचं तापमान जुळवून मगच सोडा. आणि मग पहिले दोन-तीन तास समोरून हलू नका. एक-दोनदा पाठलाग केला, कल्ले फुगवले आणि सोडून दिलं तर घाबरू नका, तो फक्त ओळख करून देतोय. पण एकाच माशाच्या मागे लागलाय आणि थांबतच नाहीये, किंवा कोणी कोपऱ्यात पर मिटून बसलंय, किंवा दुसऱ्या दिवशीही कोणी खायला वर येत नाहीये, तर फायटरला लगेच बाहेर काढायचं, उद्या बघू असं करायचं नाही.

आणि बाहेर काढून ठेवणार कुठे? हे आधी ठरवा. 20 लिटरची एक साधी टाकी, छोटा स्पंज फिल्टर, हीटर, हे तयार नसेल तर फायटर आणूच नका, हे मी अगदी मनापासून सांगते. फिल्टरचा एक जादा स्पंज आत्ताच मोठ्या टाकीत टाकून ठेवा, म्हणजे त्यावर पाणी साफ ठेवणारे जिवाणू वाढतील आणि लागेल तेव्हा दुसरी टाकी त्याच दिवशी चालू करता येईल. नवीन मासा आधी दोन-तीन आठवडे तिथेच वेगळा ठेवायचा असतो, त्यामुळे ती टाकी एरवीही कामाची.

प्रश्न: ताई मी सातवीत आहे. माझा फायटर एकटाच आहे आणि मला वाटतं त्याला कंटाळा येतो. तो सारखा काचेजवळ येतो. त्याला मित्र आणला तर तो खूश होईल का?

उत्तर: तुला त्याची एवढी काळजी वाटते ते वाचून खूप छान वाटलं. पण फायटरला एकटं राहणं आवडतं बरं का, त्याला एकटेपणा जाणवत नाही. काचेजवळ तो येतो कारण तू दिसलास की खाऊ मिळतो हे त्याने बरोबर ओळखलंय! पण तो तू समोर नसतानाही दिवसभर काचेला लागून वरखाली करत असेल तर मात्र टाकी छोटी आहे का, पाणी खराब झालंय का, की त्याला काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसतंय, हे मोठ्यांना बघायला सांग. त्याला मित्रापेक्षा झाडं आण, रुंद पानांचं अनुबियास पाण्याच्या वरच्या बाजूला बांधलंस तर तो त्या पानावर चक्क आडवा पडून झोपेल. मधूनमधून एखादं झाड इकडचं तिकडे केलंस की तो सगळीकडे फिरून तपासणी करतो, त्यातच त्याचा वेळ छान जातो.

प्रश्न: दोन नरांना एकाच टाकीत मध्ये जाळी लावून ठेवलं तर चालेल का? टाकी 45 लिटरची आहे. जाळी पारदर्शक आहे म्हणजे दोघंही छान दिसतील आणि एकमेकांना बघून पर पसरतील, ते फार सुंदर दिसतं.

उत्तर: सुंदर दिसतं यात वाद नाही, पण ते त्याचं सौंदर्य आपल्यासाठी नसतं, तो समोरच्याला धमकी देत असतो, आणि दिवसभर धमकी देत राहणाऱ्या माशाचं खाणं कमी होतं, तो थकतो, आणि मग साधासा आजारही त्याला झेपत नाही. एरवी काहीजण आरसा दाखवतात, तोही दोन-चार मिनिटंच दाखवायचा असतो, तुमच्या टाकीत तो आरसा चोवीस तास लागलेला राहील.

करायचंच असेल तर पारदर्शक जाळी काढा आणि आरपार न दिसणारा पडदा लावा, पाणी जाण्यापुरती बारीक भोकं असलेला. तो तळाच्या खडीत खोल रोवलेला हवा आणि वर थेट झाकणापर्यंत पोचलेला हवा, कारण फायटर उडी मारतो, आणि बारीकशा फटीतूनही पलीकडे जातो. दोन्ही बाजूंना पडद्यालगत दाट झाडं लावा. एवढं करूनही पाणी मात्र एकच राहतं, म्हणजे एकाला रोग झाला की दुसऱ्याला झालाच समजा. माझं मत विचाराल तर 20-20 लिटरच्या दोन वेगळ्या टाक्या कधीही बऱ्या. आणि त्या शेजारी ठेवल्या तर मध्ये एक पुठ्ठा लावा.

प्रश्न: नर एकत्र राहत नाहीत हे माहितीये, पण माद्यांचा ग्रुप ठेवता येतो असं वाचलंय. माझ्याकडे सध्या दोन माद्या वेगवेगळ्या आहेत, अजून एक आणून तिघींना 50 लिटरमध्ये ठेवायचा विचार आहे. नीट जमेल ना?

उत्तर: तीन आणि 50 लिटर, दोन्ही आकडे चुकीच्या बाजूला आहेत, म्हणून आधीच थांबवते.

माद्या नरांपेक्षा कमी भांडतात, भांडत नाहीत असं नाही. एकत्र ठेवल्या की त्यांच्यात वरचढ कोण, खालची कोण, अशी उतरंड ठरते, आणि ती ठरेपर्यंत ढकलाढकली, पाठलाग, पर तोडणं हे होणारच. दोघी असल्या तर एक कायम मार खाते. तिघी असल्या तरी खालची ठरलेलीच. पाच-सहा किंवा जास्त असल्या की राग वाटला जातो, एकीवर सगळा भार येत नाही. म्हणून असा ग्रुप करणारे निदान पाच म्हणतात, टाकी 100 लिटरच्या पुढे म्हणतात, आणि झाडं एवढी दाट की टाकीच्या एका टोकापासून दुसरं टोक दिसता कामा नये. शक्यतो एकाच विणीतल्या, एकत्र वाढलेल्या बहिणी घ्यायच्या आणि सगळ्या एकाच वेळी टाकायच्या. तुमच्या दोघी आधीपासून स्वतंत्र टाकीच्या मालकिणी आहेत, त्यांना आता कोणाच्या हाताखाली राहायला लावणं अवघडच.

हे सगळं नीट केलं तरी काय होतं ते सांगते. ग्रुप महिनोन्महिने छान चालतो, लोक फोटो टाकतात, आणि मग एक दिवस वरची मादी आजारी पडते किंवा मरते, उतरंड मोडते आणि एका रात्रीत दोन-तीन जणी फाटलेल्या सापडतात. म्हणून असा ग्रुप ठेवायचा तर जितक्या माद्या तितक्यांना वेगळं ठेवायची सोय हवी, आणि एवढी सोय असणारा माणूस क्वचितच असतो. नवीन माणसाला मी हे सुचवतच नाही, आणि अनुभवी माणसालाही आधी विचारते की तुला हे माद्यांसाठी करायचंय की तुला बघायला हवंय म्हणून.

अजून एक, आणि हे फार जणांना माहीत नसतं. आखूड शेपटीचे नर, ज्यांना प्लाकाट म्हणतात, ते लहान असताना माद्या म्हणून सर्रास विकले जातात. पोटाखाली अंडी येण्याच्या जागी पांढरा ठिपका दिसला की मादी असं सांगतात, पण लहान नरांतही तो कधीकधी दिसतो. त्यामुळे नुसत्या ठिपक्यावर जाऊ नका, कल्ले फुगवल्यावर खालून दाढीसारखी काळी झालर मोठी दिसते का तेही बघा, नरात ती ठळक असते. माद्यांच्या अंगावरचे पट्टेपण वाचायला शिका, आडवे म्हणजे डोक्यापासून शेपटीकडे जाणारे पट्टे दिसले तर ती घाबरलीये किंवा ताणात आहे, आणि उभे पट्टे दिसले तर ती अंडी घालायच्या तयारीत आहे.

प्रश्न: 80 लिटरच्या टाकीत एक नर, 6 कॉरी, 5 कुली लोच आणि काही चेरी श्रिम्प (छोट्या लाल कोळंब्या) असे सगळे सुखाने राहतायत, म्हणजे श्रिम्प सोडून, ते कमी होत चाललेत. पण फायटर फुगलाय, कधीकधी एका कुशीवर तरंगतो. मी त्याला दिवसातून फक्त तीन दाणे घालते.

उत्तर: तुम्ही तीन घालता, पण तो खातो किती हे बघितलंय का? तुमच्या टाकीतला मेळ उत्तम आहे, कॉरी आणि कुली तळाशी, फायटर वर, कोणाची कोणाशी गाठ पडत नाही. गाठ पडते ती खाण्याच्या वेळी. तळाच्या माशांसाठी टाकलेल्या बुडणाऱ्या गोळ्या फायटर खाली जाऊन खातो, त्या पाण्यात फुगतात, पोट गच्च होतं आणि तोल जातो. वरून श्रिम्पची पिल्लं, ती तर त्याच्यासाठी तयार ताट आहे. श्रिम्प वाढवायचेच असतील तर जावा मॉसचा जाड गठ्ठा टाका, थोडी पिल्लं वाचतील, सगळी नाही. मोठे अमानो श्रिम्प तुलनेनं टिकतात.

फायटरला आता एक-दोन दिवस उपाशी ठेवा, त्याने काही होत नाही. मग डॅफ्निया, म्हणजे पाण्यातले बारीक जीव, द्या, जिवंत किंवा फ्रोजन. वाटाणा सोलून द्या हा सल्ला सगळीकडे मिळतो, पण फायटर हा किडे आणि अळ्या खाणारा मासा आहे, वाटाणा त्याचं अन्न नाही, डॅफ्नियाने तेच काम जास्त चांगलं होतं. पुढे असं करा, फायटरला आधी टाकीच्या एका टोकाला त्याचे दाणे द्या, तो तिकडे गुंतला की दुसऱ्या टोकाला कॉरींचं टाका, किंवा त्याहून सोपं म्हणजे दिवे बंद झाल्यावर अर्ध्या तासाने टाका. कुली तर अंधारातच खऱ्या अर्थाने बाहेर पडतात, आणि फायटर झोपलेला असतो. चार दिवसांत फुगणं उतरलं नाही किंवा खवले बाहेर आल्यासारखे दिसायला लागले, वरून बघितल्यावर देवदाराच्या फळासारखे, तर तो साधा अपचनाचा प्रकार नाही, त्याला वेगळं काढून माशांच्या डॉक्टरला किंवा जाणकाराला दाखवा. आणि मीठ टाकायचा सल्ला कोणी दिला तर या टाकीत टाकू नका, कॉरी आणि लोच दोघांनाही मीठ सोसत नाही, उपचार नेहमी वेगळ्या टाकीत.

प्रश्न: माझ्या फायटरची शेपूट रोज थोडी थोडी कमी होतेय. टाकीत 7 सर्पी टेट्रा आहेत. कोणी चावतंय की फिन रॉट (पर सडण्याचा रोग) आहे ते कसं ओळखायचं?

उत्तर: सर्पी टेट्रा हे नाव वाचूनच अर्धं उत्तर मिळालं. सर्पी आणि टायगर बार्ब हे दोघं लांब शेपटीच्या माशासोबत कधीच नकोत, त्यांना हलणारी शेपूट दिसली की राहवत नाही.

तरी नीट बघून घ्या. एका रात्रीत सरळ तुकडा गेलाय, अर्धगोल चावल्यासारखा, आणि कडा स्वच्छ आहेत, तर चावा आहे. कडा काळ्या किंवा लालसर पडल्यात आणि हळूहळू आत सरकतायत तर फिन रॉट. तिसरी शक्यता म्हणजे तो स्वतःच स्वतःची शेपूट चावतोय, जड शेपटीचे हाफमून ताणात असले की किंवा फिल्टरचा प्रवाह जोरात असला की असं करतात. आणि एकातून दुसरं होतंच, चावलेल्या जागी पाणी घाण असलं की रॉट धरतो.

तिन्हीवर पहिलं काम एकच आहे. त्याला आज वेगळा काढा. आठ-दहा दिवसांत कडेला पारदर्शक, काचेसारखा नवीन पर येताना दिसला तर औषध लागत नाही. तोपर्यंत त्याचं पाणी एक-दोन दिवसाआड 25 ते 30 टक्के बदलत राहा, नव्या पाण्यातलं क्लोरीन काढून आणि तापमान जुळवून. जुन्या टाकीचीही टेस्ट करा, अमोनिया आणि नायट्राइट, म्हणजे माशांच्या घाणीतून पाण्यात तयार होणारी विषारी द्रव्यं, दोन्ही शून्यच हवेत, थोडंसं आहे म्हणजे चालेल असं नसतं. सात मासे आणि एक फायटर एवढा भार तुमच्या फिल्टरला झेपतोय का ते त्यातून कळेल. बरा झाल्यावर परत त्याच टाकीत टाकू नका, सर्पींना ती टाकी राहू द्या, ते देखणे मासे आहेत, फक्त याच्यासोबत नाहीत.

प्रश्न: नर-मादीची जोडी कायम एकत्र ठेवली तर पिल्लं आपोआप होत राहतील ना?

उत्तर: नाही, मादी मरेल. फायटरची जोडी अशी नसतेच. त्यांना अंडी घालण्यापुरतं एकत्र आणतात, तेही आधी काही दिवस काचेआडून एकमेकांना दाखवून, नराने पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं बांधलं आणि मादीच्या अंगावर उभे पट्टे आले की मगच. अंडी घालून झाली की मादीला लगेच बाहेर काढतात, कारण त्यानंतर नर तिला घरट्याजवळ फिरकू देत नाही, आणि छोट्या टाकीत ती जाणार कुठे. अंडी नर सांभाळतो, खाली पडलेलं एकेक अंडं तोंडाने उचलून परत घरट्यात ठेवतो, दीड-दोन दिवसांत ती फुटतात, आणि पिल्लं आडवी पोहायला लागली की मग नरालाही काढायचं.

आणि हे करण्याआधी पिल्लांचा विचार करा. एका विणीत शेकडो पिल्लं होऊ शकतात, मोठी होताना त्यातले नर भांडायला लागले की प्रत्येकाला स्वतंत्र भांडं लागतं, प्रत्येकाचं पाणी वेगळं बदलायचं. एवढी जागा आणि एवढा वेळ असेल तर मला परत लिहा, पिल्लांना पहिले दहा दिवस काय खायला घालायचं ते सविस्तर सांगेन.